वजन, वाण्याची यादी आणि तेलाचा कॅन

कढीलिंब

वजन कमी करण्यावर या फोरमवर ढिगाने धागे आहेत, तरी हा काढतेय. कारण त्यातल्या बहुतेक धाग्यांत घरातलं एक माणूस एकट्यानेच काहीतरी करत असतं. त्याची सॅलडची वाटी वेगळी, त्याचा नाश्ता वेगळा, आणि बाकी घर नेहमीसारखं जेवतंय. आमच्याकडे हे कधी पंधरवड्याच्या वर टिकलं नाही. नोकरी सांभाळून दोन-दोन स्वयंपाक कोण करत बसणार?

म्हणून यंदा सुरुवात ताटापासून न करता वाण्याच्या यादीपासून केली. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. महिन्याला पाच लिटर तेलाचा कॅन संपायचा, आणि सणवार असला की वर एखादी पिशवी. पाच लिटर भागिले चार माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर तेल. साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या, तूप-लोणी-दाण्याचा कूट वेगळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाला २००० कॅलरींचं जेवण असणाऱ्याला तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम पुरे असं म्हटलंय. चौघांचा हिशेब केला तर महिन्याला साडेतीन लिटर होतं. मी तोच आकडा धरला. साखर चार किलो यायची, ती दोनवर आणली. तेल आणि साखर मिळून माणशी रोज सुमारे १७० कॅलरी उडाल्या आणि कुणी उपाशी राहिलं नाही.

आता हे स्वयंपाकात कसं उतरलं ते सांगते, कारण "तेल कमी करा" म्हणायला काय जातं! फोडणीची पळी चक्क माळ्यावर टाकली. बुधलीतून थेट कढईत ओतणं बंद, त्याऐवजी एका वाटीत दिवसाचं तेल सकाळीच काढून ठेवायचं आणि पोह्याच्या चमच्याने घ्यायचं. संध्याकाळी वाटी रिकामी झाली की झाली. सुक्या भाज्यांवर झाकण म्हणून खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालायचं. आजीची पद्धत आहे, नवीन काही नाही. आतली वाफ वरच्या वर निवते, थेंब भाजीत पडतात, भाजी तेलाशिवाय शिजते आणि बुडाला लागत नाही. रोजच्या घडीच्या पोळीऐवजी फुलके. घडीची रविवारी.

दुसरी गोष्ट म्हणजे भाजी. त्याच तत्त्वांत माणशी ४०० ग्रॅम भाजी सांगितलीय. म्हणजे चौघांना रोज दीड किलोच्या वर! आमच्याकडे पाव किलो गवारीत अख्खं घर जेवत होतं. चमचाभर भाजी, चार पोळ्या, वर भाताचा डोंगर. दीड किलो अजूनही होत नाही, पण किलोभर होते, त्यात कोशिंबीर धरलेली आहे. भाजी वाढली की पोळी आपोआप कमी होते, कुणाला "पुरे आता" म्हणावं लागत नाही.

सासूबाई पहिले काही दिवस "आजाऱ्याचं जेवण आहे का हे?" म्हणाल्या. मग पाण्याच्या ताटलीखालची दोडक्याची भाजी खाल्ली आणि गप्प झाल्या. त्यांचं वजन मुळातच बेताचं, त्यांना वरणभातावर तूप पूर्वीसारखंच असतं.

सोबत रोज संध्याकाळी नवऱ्याबरोबर पाऊण तास चालणं. वर्षभरात माझं वजन ७४ वरून ६७ वर आलं, नवऱ्याचं पाचेक किलो उतरलं. मुलगा होता तसाच काटकुळा आहे.

तुमच्याकडे महिन्याला तेल-साखर किती लागते, खरं खरं लिहा.

खादाडखाऊ

भरल्या वांग्याला तवंग नाही म्हणजे वांग्याचा अपमान आहे. गंमतीत घ्या.

पर्वतीकर

धागा आवडला, पण व्यायाम एका ओळीत गुंडाळलात.

मी रोज पहाटे पर्वती चढतो. १०३ पायऱ्या, फार नाहीत, पण दम लागायला पुरतात. काही मंडळी चार-चार वेळा वर-खाली करतात. त्यांच्यात साठी उलटलेल्या दोन काकू आहेत, त्यांना मी अजून गाठू शकलेलो नाही. मात्र नुसत्या व्यायामाने भागत नाही, खाणंही बघावं लागतं, हे पायथ्याशी रोज दिसतं. उतरून आलं की "आज मस्त घाम निघाला" म्हणत क्रीमरोल आणि दोन कटिंग. रविवारी सिंहगडावर तर विचारूच नका. घामाघूम होऊन आतकरवाडीतून वर यायचं, आणि वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, पुन्हा एक भजी "शेअर करू". मग उतरायला जीप.

साधारण ७० किलोचा माणूस साडेचार किलोमीटर चालला तर अंदाजे सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी जातात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. एवढं गणित डोक्यात असलं की क्रीमरोलकडे हात जात नाही.

तरीही चालणं सोडू नये. वजनाचा काटा हलला नाही तरी झोप, पोट, साखर आणि डोकं हे चारही ताळ्यावर राहतात.

८:१२ची फास्ट

डोंबिवलीहून रोज सीएसएमटी. घरातून साडेसातला निघतो, परत यायला नऊ. वाटीत तेल काढून ठेवणारी आमची आई आहे, तिला लिंक पाठवली. पण माझा प्रश्न वेगळा आहे. साडेसहाला ऑफिस सुटतं तेव्हा पोटात कावळे कोकलत असतात, आणि स्टेशनबाहेर वडे तळत असतात. तिथे कुठली तत्त्वं टिकत नाहीत. घरी येऊन साडेनऊला परत पूर्ण जेवण. पोट सुटलंय, वय ३१.

जिमची वर्षाची फी भरून झाली. जिम फक्त रविवारी उघडी सापडते, तेही अर्धा दिवस.

कढीलिंब

@८:१२ची फास्ट, पाचच्या सुमाराला ऑफिसातच काहीतरी पोटात जाऊ दे, स्टेशनवर येईपर्यंत थांबू नकोस. मूठभर फुटाणे आणि एखादं फळ. तीसेक ग्रॅम फुटाण्यांत शंभर-सव्वाशे कॅलरी आणि सहा ग्रॅम तरी प्रथिनं. फुटाणे चावायला वेळ लागतो, तोच त्यांचा गुण. मोड आलेली मटकी नेलीस तर उत्तम, पण लोकलच्या गर्दीत डबा सांडला तर मला बोल लावू नकोस. रात्री मग भात-पोळी दोन्ही नको, एकच काहीतरी, आणि भाजी-आमटी भरपूर.

नियम म्हणजे नियम

एवढी आकडेमोड हवीच कशाला? डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. फुकट आहे, लक्षात ठेवायला सोपं आहे. माझे १२ किलो गेले. तेल मोजलं नाही, साखर मोजली नाही.

तूपभात

आणि मग त्या ५५ मिनिटांत लोक काय काय कोंबतात ते आमच्या ऑफिसात रोज बघतो. जेवण, वर दोन गुलाबजाम, वर केळं, "अजून आठ मिनिटं आहेत" म्हणत चिवडा!

मला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं पटतं. आपल्या मातीतलं, हंगामातलं, आजी खायची ते खा, तूप-भाताला घाबरू नका, थोड्या थोड्या वेळाने खा. उपाशी राहून माणूस चिडचिडा होतो. आमच्या घरी दोन वेळाच जेवणारे एक मामा आहेत, संध्याकाळी पाच वाजता त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

नियम म्हणजे नियम

मामांना बारा-साडेबारा आणि आठ अशा वेळा करून बघायला सांगा. पहिले काही दिवस जड जातात, मग भूक वेळेवरच लागते. गुलाबजाम हा पद्धतीचा दोष नाही. दीक्षित सर गोड कमी करा हेही सांगतात, ते ऐकायचं नाही आणि ५५ मिनिटं तेवढी पकडायची.

तूपभात

थोडं थोडं खा म्हणजे दर दोन तासांनी बिस्किटं खा, असंही कुणी म्हटलेलं नाही. हे माझं शेवटचं पोस्ट.

स्टेथोस्कोप

दोन्ही बाजूंचे पेशंट माझ्याकडे येतात, आणि दोन्हींकडे वजन उतरलेले आणि न उतरलेले लोक आहेत. दोन वेळा जेवणाऱ्याचं वजन उतरतं ते मधले चहा-बिस्किटं, फरसाण, "जरा तोंडात टाकायला" हे सगळं बंद होतं म्हणून. ठरावीक काळ उपाशी राहणं आणि नेहमीच्याच वेळांना थोडं कमी खाणं, यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत वजन जवळपास सारखंच उतरलेलं दिसतं. तेव्हा ज्याला जे वर्षानुवर्षं जमेल ते त्याने करावं. मामा चिडत असतील तर मामांची पद्धत ती नव्हे.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर परस्पर जेवणाच्या वेळा बदलू नका. औषध तेवढंच आणि जेवण गायब, असं झालं की साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, चक्कर, क्वचित बेशुद्धी. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही हे प्रयोग करू नयेत.

"मी जाड आहे का" हे विचारायला आरशापेक्षा मोजपट्टी बरी. वजन किलोत, भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग, हा झाला बीएमआय. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ६६ असेल तर २५.८ येतं. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातही मधुमेह-रक्तदाब गाठतात, म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्याहून महत्त्वाचा कमरेचा घेर. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, त्याच्या आत हवा. हातपाय काड्या आणि पोट नगारा, असे कित्येक जण काट्यावर "नॉर्मल" असतात, आणि साखर त्यांचीच वाढलेली निघते.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी. रोज तीनशे कमी पडल्या तर महिन्याला किलोभर, तेही कागदावर. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. त्यामुळे "आठवड्यात पाच किलो"च्या जाहिराती बघून खिशात हात घालू नका. पहिल्या आठवड्यात झपकन जातं ते बरंचसं पाणी असतं. वजन कारण नसताना वाढतंय, थकवा आहे, पाळी अनियमित आहे, तर थायरॉइड आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. पण थायरॉइड निघालं तरी सगळं वजन त्याच्या माथी मारू नका. बहुतेकांत त्याचा वाटा थोड्या किलोंचाच असतो.

गोदाकाठ

कढीलिंब, यादी बरोबर आहे, पण यादीत न येणारं एक जेवण असतं, ते मी लिहिते.

मुलांच्या ताटात अर्धी पोळी उरते. नवरा वरणाच्या वाटीत तीन चमचे ठेवून उठतो. पातेल्याच्या तळाशी भात उरतो, तो डब्यात काढण्याएवढा नसतो आणि टाकवत नाही. हे सगळं ओट्याशी उभ्याउभ्या माझ्या पोटात जातं, आणि त्याला मी कधी जेवण धरत नाही. त्याआधी आमटीची चव, खिचडीची चव, तळणातलं एक "बघू कुरकुरीत झालंय का". सगळ्यांचं झाल्यावर सगळ्यात शेवटी जेवायला बसायचं, तोवर भूक मेलेली असते. पण बसायचं म्हणून बसायचं आणि खायचं.

आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभर काय खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं होतं. माझ्या कागदावर एवढंच: चहा, दोन पोळ्या, भाजी, चहा, दोन पोळ्या, आमटी. त्यांनी विचारलं, "मग पातेली कोण पुसतं?"

आता सगळे एकत्र बसतो, वाढणं टेबलावर, ज्याचं त्याने घ्यायचं. पोळ्या मोजून, माणशी विचारून. उरलंच तर फ्रिजमध्ये, आणि शिळी पोळी सकाळी फोडणीची. (हो, वाटीतल्या तेलात!) पानात टाकलं तर ज्याने टाकलं त्याने संपवायचं. धाकट्याने दोन दिवस रडून बघितलं, आता तोच आधी "अर्धी दे" म्हणतो.

सुमनताई

गोदाकाठ, अगदी माझ्या मनातलं बोललात. आमच्या पिढीत तर "अन्न पूर्णब्रह्म" म्हणत पातेल्यासकट सगळं बाईच्याच वाट्याला.

उपासांचंही लिहा कुणीतरी. मी सोमवार, संकष्टी, दोन एकादश्या, वर चातुर्मास करते, तरी वजन जागचं हलत नाही.

कढीलिंब

सुमनताई, रागावू नका, पण एकादशी अन् दुप्पट खाशी आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय.

खिचडीचा हिशेब सांगते. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम धरला तर दोनशेच्या वर कॅलरी, नुसता स्टार्च, प्रथिनं जवळपास शून्य. दाण्याचा कूट २५ ग्रॅम, त्याच्या १४०. तूप दोन छोटे चमचे, त्याच्या नव्वद. एक प्लेट साडेचारशेच्या घरात, बटाटा धरलेला नाही. आणि उपासाला एक प्लेट कोण खातं? दुपारी वेफर्स, रात्री रताळ्याचा कीस, झोपताना केळं-दूध. उपास मोडला नाही, पण जेवणाच्या दिवसापेक्षा जास्त पोटात गेलं.

धार्मिक बाजू तुमची तुम्हाला, मी त्यात पडत नाही. पण भगर आणि दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ, एवढ्यावर एकादशी छान निभते. आमटीला कूट बेताचा.

सोलापूरचा गडी

पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू करावी असं कुणीच कसं लिहिलं नाही? भाकरीने वजन उतरतं. आमच्याकडचे म्हातारे बघा, एकाला पोट नाही.

स्टेथोस्कोप

म्हातारे दिवसभर रानात असतात हो! भाकरी चांगलीच. तंतू जास्त, तेल लागत नाही, पोट भरलेलं राहतं. पण पीठ ते पीठच. शंभर ग्रॅम ज्वारीत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, गव्हातही तेवढ्याच. तुमच्याकडची परातभर भाकरी शंभर ग्रॅम पिठाची असते. तशा दोन खाल्ल्या तर सहा फुलके झाले. आणि भाकरीबरोबर शेंगाचटणी, वर तेलाची धार, ती कुठे मोजायची?

सोलापूरचा गडी

शेंगाचटणीला बोलायचं काम नाही.

लाकडी घाणा

आम्ही रिफाइन्ड बंद करून घाण्याचं शेंगदाणा तेल आणतो. त्याने वजन वाढत नाही म्हणतात. मग तरी मोजायचं का?

कढीलिंब

मोजायचं. चव, वास यासाठी घाण्याचं जरूर घ्या, मीही घेते. पण कुठलंही तेल असो, ग्रॅममागे नऊ कॅलरी. तुपाचंही जवळपास तेच. उलट घाण्याचं महाग पडतं, तेव्हा वाटी आपोआप लहान होते, हा एक फायदा.

निवृत्त पीटी मास्तर

सर्वांचे वाचले. खाण्यावर तीन पाने आणि व्यायाम म्हणजे नुसते चालणे, हे बघून राहवले नाही.

चालणे उत्तमच. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे थोडा दम लागेल इतपत चालावे हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण त्याच शिफारशीतले पुढले वाक्य लोक सोडून देतात: आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम. खाणे कमी केले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो, माणूस खूश होतो, आणि जिना चढताना मांड्या भरून येतात. पन्नाशीनंतर हे फार जाणवते.

यासाठी जिमच पाहिजे असे नाही. आपल्या तालमीत जोर-बैठका होत्या, त्याच आजही पुरतात. एकदम दंड जमणार नाहीत, तर भिंतीला हात टेकून जोर मारा, मग ओट्याला, मग जमिनीवर. बैठकांसाठी हात न लावता खुर्चीतून उठणे-बसणे. दहा वेळा, थोडे थांबून परत. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या, खाली उशी ठेवा. जमले की उशी काढा. पाण्याच्या दोन बाटल्या भरून हातात घ्या, झाले डंबेल.

सूर्यनमस्कार तर आपल्या मातीतले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून ते रुजवले, स्वतः रोज घालायचे. मी शाळेत रथसप्तमीला मुलांकडून घालून घ्यायचो. मात्र पहिल्याच दिवशी पन्नास घालून कंबर धरून बसू नये. बारापासून सुरू करावे, सावकाश. कमरेत चमक, मोठा रक्तदाब किंवा मणक्याचे दुखणे असेल त्यांनी विचारूनच.

८:१२ची फास्ट

मास्तर, खुर्चीचं आजपासून चालू. ऑफिसात लिफ्टही सोडली, चौथा मजला आहे. फुटाणेही सुरू केलेत, पण आता शेजारच्या टेबलावरचे तिघं त्यात हात घालतात.

शिकागोची थंडी

इकडे डिसेंबर ते मार्च बाहेर चालणं म्हणजे शिक्षा. आम्ही काही मराठी मंडळी मॉल उघडायच्या वेळेला आत जाऊन चकरा मारतो. दुकानं बंद असतात, खिसा सुरक्षित. जाता जाता, इकडे इंडियन दुकानातला फ्रोजन पराठा हा मोठा शत्रू आहे. पाकिटामागचा मजकूर वाचाल तर झोप उडेल.

वाखु

साठवला धागा. घरी विचारलं, आमच्याकडे तिघांना महिन्याला सहा लिटर! बायको म्हणते त्यातलं दोन लिटर माझ्या रविवारच्या भज्यांचं.

गोदाकाठ

धागा वर काढतेय. तीन महिने वजन छान उतरलं, आता दीड महिना काटा ढिम्म हलत नाही. जेवण तेच, चालणं तेच. वैताग आलाय.

स्टेथोस्कोप

होतं असं, आणि बहुतेकांचं होतं. हलक्या शरीराला चालायला, श्वास घ्यायलाही कमी इंधन लागतं, त्यामुळे पूर्वी जे खाणं कमी पडत होतं ते आता बरोबर पुरतंय. तीन गोष्टी बघा. पहिली, कमरेचा घेर मोजा. मास्तरांचा व्यायाम करत असाल तर घेर कमी होऊन वजन तेवढंच राहू शकतं. दुसरी, दोन दिवस पुन्हा सगळं लिहून काढा, पातेली धरून. तिसरी, प्रथिनं वाढवा. उसळ, डाळ, ताक, दही, अंडी चालत असतील तर अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम. किलोमागे पाऊण-एक ग्रॅम प्रथिनं रोज जायला हवीत, आणि आपल्या पातळ वरणातून ती जात नाहीत. जेवण आणखी कापू नका.

नाव नको

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल कुणी लिहील का? मौंजारो वगैरे. ऑफिसातल्या एकाने घेतलं, ओळखू येत नाही इतका बारीक झाला.

स्टेथोस्कोप

ही औषधं काम करतात, भूकच कमी लागते. लठ्ठपणा जास्त असेल, सोबत मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर योग्य माणसाला खरंच उपयोगी आहेत. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं. आणि भूक नाही म्हणून प्रथिनं जात नाहीत, स्नायू झिजतात, म्हणजे मास्तरांची खुर्ची त्यांनाही लागतेच. लग्नाच्या फोटोसाठी चार किलो उतरवायला हे औषध नाही. तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मित्राच्या मित्राकडून तर मुळीच नको.

सुमनताई

दिवाळी तोंडावर आली. साडेतीन लिटरात फराळ कसा बसवायचा ते सांगा.

कढीलिंब

नाही बसत, आणि बसवूही नका. दिवाळीच्या महिन्याला वेगळं लिटर धरते मी. फक्त करायचं प्रमाण निम्मं. पूर्वी तुळशीच्या लग्नापर्यंत डबे पुरायचे, आणि तोपर्यंत रोज चहाबरोबर चकली व्हायची. आता भाऊबीजेला डबे रिकामे. चिवडा पातळ पोह्यांचा, पोहे तळायचे नाहीत, कढईत कोरडे भाजून घ्यायचे. तेल फक्त फोडणीला आणि दाणे-डाळ्यांना. चकली मात्र तळलेलीच. भाजणीची चकली एअर फ्रायरमध्ये करून बघितलेल्यांनी कृपया मला पटवायला येऊ नये.

खादाडखाऊ

शेवटी हार मानली. दोडक्यावर पाण्याची ताटली ठेवून बघितली, जमलं. भरल्या वांग्याला चालेल का? मसाला कच्चा राहतो.

कढीलिंब

चालेल. मसाला आधी कोरडा भाजून घ्या, खोबरं-तीळ-दाणे सगळं, म्हणजे कच्चट लागत नाही. कूट नेहमीच्या निम्मा, त्याऐवजी कांदा भाजून वाटून घाला, दाटपणा तोच येतो. दोन चमचे तेलात मोहरी-हिंग, वांगी देठाकडून उभी लावायची, मंद आच, वर ताटलीत पाणी. पाणी गरम झालं की तेच थोडं थोडं भाजीत सोडायचं, गार पाणी नको. मध्ये एकदाच हलक्या हाताने उलटा, सारखं ढवळलंत तर भरीत होईल. तवंग येणार नाही, ते आधीच सांगते.

खादाडखाऊ

तवंगाचं दुःख राहील. रविवारी करतो. वांगी काटेरी घेऊ की बिनकाट्याची?

सोलापूरचा गडी

काटेरी. हे विचारायची गोष्ट आहे का? आणि सोबत भाकरी, शंभर ग्रॅमची.